पुत्राची शिक्षा

एखाद्या शब्दाची किळस येऊ शकते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तोवर मला पालीची किळस यायची, चहावर धरलेल्या सायीची यायची, थुंकी लावून पावती फाडणाऱ्या दुकानदाराची यायची. शब्दांची मात्र मला मिजास होती. त्या मिजाशीची आता सगळ्यात जास्त किळस येते.

आम्ही उज्जैनचे. पूर्वज दरबारात लेखणी चालवायला आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी पस्तीस वर्षं सरकारी शाळेत हिंदी शिकवली आणि शिक्षा विभागातून निवृत्त झाले. महाराष्ट्रात ज्याला शिक्षण खातं म्हणतात, त्याला इथे शिक्षा विभाग म्हणतात. पगाराच्या कागदावर तेच, दारावरच्या पाटीवर तेच, निरोपाच्या दिवशी शालीबरोबर मिळालेल्या मानपत्रावरही तेच. हे आधीच सांगून ठेवते. सबब म्हणून सांगत नाही.

मिजास अशी, की आमच्या मराठी मंडळींत कोणी "मी सोचलं" किंवा "सब्जी घेऊन आले" म्हणालं की मी लगेच नाक मुरडायची. लोक लग्नपत्रिका माझ्याकडून तपासून घ्यायचे. दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढताना मला काय गोड वाटायचं! बोलताना मीही "चाय पिऊन घ्या न" म्हणते, पण लिहिताना आपण शुद्ध, असा माझा पक्का समज होता.

नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत, मागच्या गल्लीत, एक निवृत्त नर्स राहतात. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणते, मीही. मूळच्या जालन्याकडच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. नवऱ्याची नोकरी रेल्वेत होती म्हणून लग्न होऊन इकडे आल्या आणि इथल्या एका इस्पितळात लागल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या मला "बाई" म्हणतात. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, कारण आमच्याकडे बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. मी जन्मभर मॅडम. मग त्यांनीच हसत सांगितलं, "अहो, आमच्याकडे शाळेत शिकवते तिलाच बाई म्हणतात." तेव्हापासून त्यांच्या तोंडून मला तो शब्द आवडायला लागला. मॅडम म्हणणारे पुष्कळ होते, बाई म्हणणाऱ्या त्या एकट्या.

रोज संध्याकाळी आम्ही कॉलनीच्या बगीच्याला दोन चकरा मारायचो आणि मग त्यांच्याकडे चहा घ्यायचो. अशाच एका चहाला त्यांनी मला आपल्या मुलाचं सांगितलं. नऊ वर्षांचा होता. कावीळ झाली. त्या वॉर्डात दुसऱ्यांच्या मुलांना सलाईन लावत होत्या आणि घरी हा गेला. त्याच्या आदल्या वर्षी जालन्याला त्यांची आई बरेच महिने अंथरुणाला खिळून वारली होती. तेव्हाही यांना रजा मिळाली नाही, सगळं थोरल्या बहिणीनं केलं. ती बहीण मुलाच्या मातीला आली आणि कबरीपाशी चारचौघांच्या देखत म्हणाली, "आईला टाकलंस. ही देवाची शिक्षा आहे."

"मी तेव्हापासून देवाला एकच विचारते, बाई," सिस्टर म्हणाल्या. "अक्का म्हणाली ते खरं का? हो तर हो सांग, नाही तर नाही सांग. वीस वर्षं झाली. सांगत नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. शिक्षा हा शब्द ऐकला होता, तो काय करून गेला तेही मला दिसत होतं, मी त्यांचा हात हातात घेतला होता. म्हणून पुढचं सांगताना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्यांच्या चर्चचे पास्टर, सिस्टर त्यांना पाळक म्हणतात, हिंदी बोलणारे. देव माणसाला सत्य कसं प्रकट करतो, यावर त्यांनी काही प्रवचनं दिली आणि मग त्यांची चाळीसेक पानांची पुस्तिका केली. सिस्टरना बाजारापुरतं आणि वॉर्डापुरतं हिंदी येतं, धर्माचं हिंदी डोक्यावरून जातं. पण जेवढं कळलं तेवढ्यानं त्या हलल्या होत्या. "अक्काला पाठवायचंय," म्हणाल्या. "पाळक म्हणतात, देव माणसाला मारून झोडून काही सांगत नाही, जवळ येऊन सांगतो. माझं ती ऐकत नाही. छापील असलं की ऐकेल. मराठी करून द्याल का, बाई?"

देईन का! असं कोणीतरी विचारावं म्हणून मी निवृत्त झाल्यापासून टपूनच बसले होते.

देवघरातल्या देवांपलीकडचं मला फारसं माहीत नव्हतं, पण पुस्तिका सरळ होती. माणूस आपल्या अकलेनं देवापर्यंत पोचत नाही. पडदा पलीकडूनच बाजूला व्हावा लागतो. आधी देव सृष्टीतून दिसतो, माणसाच्या मनातल्या बऱ्यावाइटाच्या जाणिवेतून दिसतो, मग संदेष्ट्यांच्या तोंडून बोलतो. एवढं करूनही माणसाला उमगत नाही, तेव्हा तो स्वतःच माणूस होऊन येतो. म्हणून सत्य म्हणजे वरून आलेला निरोप नव्हे, सत्य म्हणजे जो आला तो, असं पास्टरांचं म्हणणं. मला ते बरं वाटलं. उज्जैनमध्ये देवाच्या मनातलं ठाऊक नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. रिक्षावाल्याला ठाऊक असतं, पानवाल्याला असतं, आमच्या शेजारणीला तर नळाला पाणी का आलं नाही त्यामागची देवाची इच्छासुद्धा ठाऊक असते. या सगळ्यांचा मला वीट आला होता. इथे निदान कोणीतरी म्हणत होतं, की त्याचं तोच सांगेल.

पहिल्याच पानावर 'ईश्वरीय प्रकाशन' असे शब्द होते. ख्रिस्ती हिंदीत त्याचा अर्थ देवानं स्वतःला प्रकट करणं. मराठी वाचणाऱ्याला मात्र वाटेल, देवानं छापखाना काढला. मी तो खड्डा बरोबर हेरला आणि 'प्रकटीकरण' लिहिलं. त्या एका शब्दासाठी मी स्वतःची पाठ किती थोपटून घेतली! सिस्टरना तर दोनदा समजावून सांगितलं. आणि त्याच ऐटीत सातव्या पानावरच्या एका वाक्यावर आले. 'परमेश्वर अपने पुत्र की शिक्षा के द्वारा मनुष्य पर सत्य प्रकट करता है।' मी लिहिलं, 'परमेश्वर आपल्या पुत्राच्या शिक्षेद्वारे माणसाला सत्य प्रकट करतो.' आणखी पुढे होतं, 'जो शिक्षा ग्रहण करता है, वही सत्य को पहचानता है।' मी लिहिलं, 'जो शिक्षा स्वीकारतो, तोच सत्य ओळखतो.' अशी वाक्यं जागोजाग होती. पेन कुठेच अडखळलं नाही.

टावर चौकाच्या मागच्या गल्लीतल्या एका छापखान्यात पुस्तिका छापली. प्रुफं मीच तपासली. दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार पकडला, तेव्हा छापखानेवाला म्हणाला, "मॅडम, आपकी नज़र से कुछ नहीं बचता।" चर्चमधल्या बाकीच्या दोन-तीन मराठी घरांनी वाचली. तीही सगळी इथेच जन्मलेली, इथल्याच शाळांत शिकलेली. कोणाला काही खटकलं नाही. सिस्टरनी तर हातात आल्या आल्या, स्वतः वाचायच्याही आधी, पहिली प्रत जालन्याला पाठवून दिली.

मग त्या फिरायला यायच्या बंद झाल्या. आधी गुडघा दुखतोय म्हणाल्या, मग डोकं. तिसऱ्या आठवड्यात मीच त्यांच्याकडे गेले.

टेबलावर पुस्तिका उघडी होती. शेजारी लाल पेन्सिल, तापाचा तक्ता भरायची त्यांची जुनी सवय. पट्टी धरून कितीतरी ओळी अधोरेखित केलेल्या. ते बघून मला धन्य वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

"चांगलं लिहिलंत, बाई," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. "कोणीतरी स्पष्ट लिहायलाच हवं होतं."

"ते सगळं पास्टर साहेबांचं आहे हो. मी तर फक्त मराठी केली."

"ते शिक्षेचं लिहिलंय ते."

"हो न! मला पण तोच भाग सगळ्यात आवडला," मी म्हणाले. इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मास्तरणीची जीभ. "शिक्षेशिवाय माणूस माणूस होत नाही, सिस्टर. आणि लहानपणीच मिळायला पाहिजे. जितकी लवकर, तितकी चांगली."

त्यांनी अधोरेखित ओळीवर बोट ठेवलं.

"नऊ वर्षांचा होता," त्या म्हणाल्या.

तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. मला वाटलं, मुलाची शाळा राहून गेली त्याबद्दल बोलताहेत. मी मान हलवली. मान हलवली मी!

"अक्का निदान माझी शिक्षा म्हणाली होती," त्या म्हणाल्या. "इथे तर पुत्राची लिहिलंय. पुत्राच्या शिक्षेद्वारे. ख्रिस्ताचंच असेल ते, मला कळतं. पण वाचताना मला माझाच दिसतो. म्हणजे आईला सत्य कळावं म्हणून पोराला शिक्षा." त्यांनी पेन्सिल टेबलावर सरळ करून ठेवली. "असू दे. वीस वर्षं मी विचारत होते. शेवटी सांगितलं त्यानं. तुमच्या हातून सांगितलं. अक्काचा फोन आला होता. म्हणाली, बघ, तुझ्याच पाळकांनी छापलंय. मी म्हटलं, हो गं, तुझंच खरं होतं."

तेव्हा मला शब्द दिसला. समोरच्या पानावर, मीच लिहिलेला, मीच तपासलेला. मी पदर तोंडाशी धरला. सगळ्यात घाण गोष्ट ही होती, की चुकीच्या अर्थानंही वाक्यं ठाकठीक उभी होती. एकही लंगडत नव्हतं. जो शिक्षा स्वीकारतो, तोच सत्य ओळखतो. देवाच्या नावावर काहीही लिहा, ते असंच पटण्यासारखं दिसतं.

मी घाईघाईनं सांगायला लागले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण, शिक्षण. आमच्या ऑफिसचं नाव शिक्षा विभाग. पुत्राची शिकवण असं आहे ते, ख्रिस्तानं जे शिकवलं ते. दंडाचा तिथे काही संबंध नाही. मी गाढव, माझं डोकं हिंदीत चालतं आणि मराठीची शेखी मिरवते. सगळं सांगितलं. त्यांनी एका शब्दानं मध्ये तोडलं नाही. रोग्याच्या नातेवाइकांचं ऐकून घ्यावं तसं ऐकून घेतलं.

"म्हणजे हे देवानं सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही हो! माझी चूक आहे ती. माझी एकटीची."

"म्हणजे देव काहीच बोलला नाही."

त्या उठून आत गेल्या. मी बराच वेळ बसून राहिले. बाहेर आल्या नाहीत, तेव्हा दार ओढून घेऊन निघाले.

तशीच पास्टरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, सायीसकट आला. मी काय झालं ते सांगितलं, सिस्टरचं नाव न घेता सांगितलं, आणि म्हणाले की सगळ्या प्रती परत मागवा. ते मनापासून हसले. "अरे मॅडम जी, दिल पे मत लीजिए। प्रभु तो गलती में से भी बोल लेता है। दो-तीन लोगों ने तो कहा, वो शिक्षा वाली बात बहुत छू गई।"

"पर उसका मतलब दंड हो गया है, पास्टर साहब।"

"दंड भी तो एक तरह की शिक्षा ही है।"

माणूस वाईट नाही. म्हणून जास्तच शिसारी आली. ज्यानं चाळीस पानं भरून लिहिलं, की देव कसा बोलतो ते देवच ठरवतो, तो एका मास्तरणीची चूक देवाच्या तोंडी घालून मोकळा झाला. तेही साय बाजूला करत, बिस्किट बुडवत. आणि त्यांचं ते शेवटचं वाक्य मला अनोळखी नव्हतं. पाचवीच्या वर्गात पोरांच्या तळहातावर पट्टी मारताना मी हेच म्हणायची. ये भी शिक्षा है. पोरं हात मांडीखाली दाबून रडायची आणि मला वाटायचं, आपण काहीतरी शिकवतोय. पस्तीस वर्षांत ते दोन शब्द माझ्या हातात एकच झाले होते. मग कागदावर वेगळे कुठून निघणार? मी चहा तसाच ठेवला आणि उठले.

घरी येऊन पुस्तिका पहिल्यापासून वाचली. भाषांतर करताना मी ती वाचलीच नव्हती, नुसती शब्दामागून शब्द उचलत गेले होते, हे तेव्हा कळलं. सातव्या पानावर, त्या पुत्राच्या वाक्याच्या लगेच खाली, होतं: 'देव माणसाच्या प्रत्येक का-ला उत्तर पाठवत नाही. तो माणसाच्या दुःखात स्वतः येऊन बसतो. तेच त्याचं बोलणं.' हे मीच लिहिलं होतं, माझ्याच हातानं. आठवत नव्हतं. मी देवभोळी नाही, पण एवढं कळलं की पुस्तिकेत सिस्टरसाठी काही होतं तर ते हेच होतं, आणि त्याच्या डोक्यावर मी घाण करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळं पेन घेऊन गेले. सिस्टरनी दार उघडलं. चहा विचारला नाही. मी म्हणाले, "मी खोडायला आले." त्यांनी चर्चमधल्या मराठी घरांकडून आपणच जमा करून आणलेल्या प्रती माझ्यासमोर आणून ठेवल्या. म्हणजे त्या कालच संध्याकाळी गुडघा दुखत असताना दारोदार फिरल्या होत्या.

मी एकेक शिक्षा खोडून वर 'शिकवण' लिहायला लागले. जिथे 'स्वीकारतो' होतं तिथे 'घेतो' केलं. त्या समोर बसून प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचून बघत होत्या, औषधाची बाटली देण्याआधी नाव वाचावं तशा. चूक राहिली की बोट ठेवत होत्या. सातवं पान आलं तेव्हा मी ती खालची ओळ दाखवली.

"वाचली होती," त्या म्हणाल्या. "पण वर ते लिहिलेलं होतं. मग ही कशी पटणार? आधी मारायचं आणि मग जवळ येऊन बसायचं?"

मी पान त्यांच्यापुढे सरकवलं. आता वरची ओळ बदललेली होती. त्यांनी दोन्ही ओळी सलग वाचल्या, मनात, ओठ हलवत. पटलं की नाही ते बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. विचारायचं तोंड मला राहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी फोन घेतला, नंबर लावला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"अक्का, ती पुस्तिका काढ. पेन घे."

"का गं? काय झालं?"

"छापताना चूक झालीय. सातवं पान काढ. शिक्षा लिहिलंय ना, ते खोड. वर शिकवण लिही."

पलीकडून करारी आवाज आला. "छापलेलं कसं चूक असेल? पाळकांनी बघूनच छापलं असेल ना?"

"ज्यांनी मराठी केलं त्या बाई इथे बसल्यात."

"चूक माझी आहे," मी फोनकडे तोंड करून म्हणाले. "हिंदीतून करताना मी चुकले. देवानं कोणाला शिक्षा केली असं त्या पुस्तिकेत कुठेही नाही."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. सिस्टर पान सांगत गेल्या, ओळ सांगत गेल्या. पलीकडून "हं," "खोडलं," "पुढचं" येत राहिलं. म्हाताऱ्या बोटांनी पेन धरलं असावं, वेळ लागत होता. सिस्टरनी एकदाही घाई केली नाही.

"झाल्या का सगळ्या?" शेवटी अक्कांनी विचारलं.

"एक राहिली," सिस्टर म्हणाल्या.

"कुठल्या पानावर?"

"पानावर नाही. कबरीपाशी म्हणाली होतीस, ती."

मी उठायला लागले, तर सिस्टरनी हातानं मला बसा म्हणून खुणावलं. त्यांनी फोन थोडा जवळ ओढला.

"खोड, अक्का," त्या म्हणाल्या. "मी थांबते."